बिऱ्हाड हलवण्याचा हिशेब

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या दोन गोष्टींत हिशेब कधी जुळत नाही, ठरवलं त्यापेक्षा खर्च जास्तच होतो, असा तिचा अर्थ. पण आणखी एक खर्च या म्हणीत आलेला नाही. तो म्हणजे राहतं घर सोडून दुसऱ्या घरात जाण्याचा. ज्यांनी बदलीच्या गावी संसार नेला आहे किंवा भाड्याची खोली सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये बिऱ्हाड हलवलं आहे, त्यांना तो चांगला ठाऊक असतो. घराची किंमत आधी ठरलेली असते. टेम्पो, हमाली, विजेचं मीटर, गॅसची शेगडी, पडद्याच्या दांड्या, फुटलेली कपबशी आणि बुडालेला दिवसाचा रोज हे मात्र कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

आज मला या खर्चाचा इतिहास सांगायचा आहे, आणि तो शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या निमित्तानं. शिक्षक म्हणून नोकरीची बरीच वर्षं मी या दोन तालुक्यांत काढली. माझ्या वर्गात काही मुलं अशी असत, की त्यांना 'तुमचं गाव कोणतं' असं विचारलं की ती क्षणभर थांबत. मग दोन नावं सांगत. एक राहत्या वस्तीचं आणि दुसरं पाण्याखाली गेलेल्या गावाचं. त्यांच्या आईवडिलांशी आणि आजीआजोबांशी बोलताना मला कळलं, की घर बदलायला काय लागतं हे या माणसांइतकं कोणी मोजलेलं नाही. त्यांनी बिऱ्हाड आपणहून हलवलं नव्हतं, सरकारनं हलवायला लावलं होतं. त्यामुळं त्यांचा हा खर्च घरच्या वहीत न राहता कायद्याच्या पुस्तकापर्यंत गेला.

ही माणसं इथं का आली हे समजायला पुणे जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागेल. जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्री, तिथं धो धो पाऊस. पूर्वेला शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर ही पर्जन्यछायेतली कोरडी पट्टी. म्हणून धरणं पश्चिमेच्या खोऱ्यांत बांधली आणि कालवे पूर्वेकडे काढले. आंबी नदीवर पानशेत आणि मोसे नदीवर वरसगाव. त्यांचं पाणी खडकवासल्यातून कालव्यानं हवेली, दौंड, इंदापूरकडे गेलं. घोड नदीवर डिंभे आणि भीमेवर चासकमान. त्यांच्या कालव्यांनी शिरूरची रानं भिजवली. ज्याची जमीन धरणात गेली त्याला कालव्याखाली जमीन द्यायची, असं पुढे धोरण ठरलं. ते न्यायाचंच होतं. तेव्हा पाण्यामागोमाग माणसंही पूर्वेला उतरली. पानशेत-वरसगावच्या खोऱ्यातली दौंडकडे, आंबेगाव आणि खेडच्या डोंगरातली शिरूरकडे. नंतर भामा-आसखेड धरणातल्या लोकांसाठीही दौंड तालुक्यातल्या जमिनींचा विचार झाला.

दौंडनं नुसती माणसं सामावून घेतली असंही नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यानं भीमाकाठच्या इंदापूर आणि करमाळ्याबरोबर दौंडच्याही जमिनी घेतल्या. उन्हाळ्यात उजनीचं पाणी खूप खाली गेलं, की जुन्या पळसदेवचं मंदिर वर येतं आणि पुण्याहून लोक ते पाहायला जातात. त्या मंदिराभोवती एकेकाळी घरं होती आणि ती कोणीतरी रिकामी केली होती, हे फोटो काढताना सहसा कोणाच्या मनात येत नाही.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजांनी १८९४ मध्ये भूसंपादनाचा कायदा केला. तो स्वातंत्र्यानंतरही २०१३ च्या अखेरपर्यंत चालू राहिला. भरपाई ठरवताना कोणत्या गोष्टी धरायच्या, हे त्याच्या कलम २३ मध्ये सांगितलं होतं. त्यात सहा बाबी होत्या. पहिली जमिनीचा बाजारभाव, दुसरी उभं पीक आणि झाडं. तिसऱ्या आणि चौथ्या बाबीत उरलेल्या जमिनीचं आणि मालमत्तेचं नुकसान येई. पाचवी बाब आपल्या विषयाची. संपादनामुळं माणसाला राहण्याची किंवा धंद्याची जागा बदलावी लागली, तर त्यासाठी आलेला वाजवी खर्च, 'असल्यास', धरावा, असं तिथं म्हटलं होतं.

हा 'असल्यास' शब्द मला महत्त्वाचा वाटतो. घर बदलायला खर्च येतो हे इंग्रज कायदेकाराला कळलं होतं, पण तो येतोच असं त्यानं गृहीत धरलं नाही. खर्च झाला हे दाखवण्याचं काम घर सोडणाऱ्याकडे राहिलं. आता डोंगरातल्या शेतकऱ्यानं तो दाखवायचा कसा? बैलगाडीवाला पावती देत नाही. चार दिवस भावकी मदतीला आली, तिला जेवू घातलं, त्याचं बिल होत नाही. सक्तीच्या संपादनाबद्दल बाजारभावावर १५ टक्के जादा मिळत, १९८४ च्या दुरुस्तीनंतर ३० टक्के. पण ते जमिनीच्या किमतीवर. ज्याची जमीन थोडी त्याचा जादा पैसाही थोडा, आणि ट्रकचं भाडं मात्र सगळ्यांना सारखंच.

याच कायद्याखाली मुळशीच्या जमिनी टाटांच्या वीज प्रकल्पासाठी गेल्या. १९२१ मध्ये रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते होते आणि 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. मावळ्यांचा झगडा भरपाईच्या आकड्यासाठी नव्हता, त्यांना जमीनच द्यायची नव्हती. १९२४ पर्यंत लढा चालला, अखेर धरण झालं आणि लोक पांगले. त्या वेळी पुनर्वसन नावाचा कायदा देशात नव्हता. भरपाई हातात ठेवली की सरकारचं काम संपत असे. पुढे कुठं राहायचं, तिथं कसं जायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

पानशेतच्या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी खटकते. धरण फुटल्याची तारीख पुणेकरांना पाठ आहे, १२ जुलै १९६१. त्या पुरात घरं गेलेल्यांच्या आठवणी लिहिल्या गेल्या, त्यांच्यासाठी वसाहती उभ्या राहिल्या, आणि ते योग्यच झालं. पण त्याच धरणासाठी वरच्या खोऱ्यातली जी घरं रिकामी झाली, त्यांची तारीख शहराच्या आठवणीत नाही. पुरानं घर नेलं ते एका दिवसात. धरणानं नेलं ते टप्प्याटप्प्यानं, नोटिसा देत.

महाराष्ट्रानं १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये तो नव्यानं केला गेला. लाभक्षेत्रात पर्यायी जमीन, नव्या गावठाणात घरासाठी भूखंड आणि रस्ता, पाणी, शाळा, स्मशानभूमी अशा नागरी सुविधा या गोष्टी हक्क म्हणून कागदावर आल्या. 'अठरा नागरी सुविधा' हा शब्द पुनर्वसित गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसालाही माहीत असतो. त्यातल्या किती मिळाल्या हे तो बोटांवर मोजून दाखवतो.

पण घरखर्चाच्या दृष्टीनं पाहिलं तर एक अडचण उरली. लाभक्षेत्रातली जमीन फुकट नव्हती. ती हवी असेल तर जमिनीच्या भरपाईतली ६५ टक्के रक्कम शासनाकडे भरायची, अशी अट होती. भामा-आसखेडच्या खातेदारांच्या बोलण्यात 'पासष्ट टक्के भरलेले' आणि 'न भरलेले' असे दोन गटच पडले आहेत. साधा हिशेब करून पाहा. जमिनीचे १०० रुपये आले, तर ६५ नव्या जमिनीसाठी गेले, हातात ३५ राहिले. घराची भरपाई वेगळी, पण ती जुन्या घराच्या मोलानं. कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर कौलं, अशा घराचं मोल ते किती होणार? आणि नवं घर तर आजच्या दरानं बांधायचं. म्हणजे बिऱ्हाड हलवण्यासाठी वेगळा पैसा उरतच नव्हता. ज्यांना या व्यवहाराची भीती वाटली त्यांनी पासष्ट टक्के भरले नाहीत, रोख रक्कम घेतली, आणि पुढे जमिनीच्या हक्काला मुकण्याची वेळ त्यांच्यावर आली.

मग प्रत्यक्ष खर्च कुठं कुठं झाला? मी अनेक घरांत हे विचारलं. उत्तरं चार प्रकारची मिळाली.

पहिला खर्च दिसणारा. लोकांनी घर जमिनीवर सोडून दिलं नाही, ते उतरवलं. तुळया, वासे, दाराच्या चौकटी, कौलं असं सगळं ट्रकमध्ये भरलं. भाडं परवडावं म्हणून एका ट्रकमध्ये दोन घरांचं सामान घातलं. घाटातून येताना कौलं फुटली, ती पुन्हा घ्यायची तर पैसे नाहीत, म्हणून पत्रे घातले. दौंडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपार काढणं म्हणजे काय, हे मावळातल्या थंड कुडाच्या घरात वाढलेल्या माणसाला इथं आल्यावर समजलं. जनावरं ट्रकमध्ये घालायची की चालवत आणायची, यावर घराघरांत वाद झाले. चालवत आणली तर वाटेत दोन-तीन मुक्काम आणि चाऱ्याचा खर्च. ट्रकनं आणली तर दुसरं भाडं. कित्येकांनी ती निघण्याआधीच मिळेल त्या किमतीला विकली. सगळं गाव एकदम विकायला निघालं, की किंमत काय येते हे सांगायला नको.

दुसरा खर्च न दिसणारा आणि मला वाटतं सर्वांत मोठा. डोंगरात ज्या गोष्टी पैशाशिवाय मिळत, त्या इथं विकत घ्याव्या लागल्या. मावळात भात पिकतो, नाचणी आणि वरई पिकते. दौंड-शिरूर हा ज्वारी-बाजरीचा मुलूख. पानशेत खोऱ्यातून आलेल्या एक आजी मला म्हणाल्या, "गुरुजी, तांदूळ आम्ही कधी इकत घेतला नव्हता. हितं दुकानात पिशवी घेऊन उभी राहिले, तवा मला कसंनुसं झालं." सरपणाचंही तेच. तिकडे रानात जाऊन मोळी आणायची. इकडे बांधावरची बाभळसुद्धा कोणाच्या तरी मालकीची. रानभाज्या नाहीत, करवंदं-जांभळं नाहीत, झऱ्याचं पाणी नाही. या एकाही वस्तूची किंमत भरपाईच्या कागदावर नव्हती, कारण त्या कोणाच्या सातबारावर नव्हत्या. कायदा मालकीचं मोजतो. डोंगरातलं घर मात्र निम्मं मालकीवर आणि निम्मं रानावर चालतं.

तिसरा खर्च देवाचा आणि माणसांचा. ग्रामदैवत पाण्याखाली ठेवून कोणी येत नाही. मूर्ती किंवा तांदळा वाजतगाजत आणायचा, नवीन जागी छोटं का होईना देऊळ बांधायचं, त्या दिवशी गावजेवण घालायचं. वर्गणी घरटी बसे. जुनं गाव सगळंच्या सगळं एका जागी वसलं असं नाही. भावकी तीन-चार ठिकाणी विभागली गेली. मग प्रत्येक लग्नाला, दहाव्याला, जत्रेला एसटीचं भाडं. पूर्वी उंबरा ओलांडला की चुलता भेटायचा, आता त्याच्या मयताला जायला दोन गाड्या बदलायच्या.

चौथा खर्च थांबण्याचा. घर सोडलं तो दिवस आणि नव्या जमिनीत पहिलं पीक हातात आलं तो दिवस, यांच्यामध्ये एक वर्ष गेलं तर नशीब. कुठं ताबा उशिरा मिळाला, कुठं जमीन सपाट करून घ्यावी लागली, कुठं चारी शेतापर्यंत आली नव्हती. भाताच्या खाचरात राबलेल्या माणसाला काळ्या रानाची आणि पाटपाण्याच्या पाळ्यांची सवय व्हायलाच एक-दोन हंगाम लागतात. तोवर खायचं काय? काही जण धरणाचं पाणी उतरलं, की मागं जाऊन गाळपेर जमिनीत पीक घेत. म्हणजे दोन ठिकाणी चूल. डिंभ्याची काही आदिवासी कुटुंबं खाली आलीच नाहीत, जलाशयाच्या काठानं वर सरकून राहिली आणि पुढे मासेमारीकडे वळली. त्यांचा निर्णय पुष्कळांना अडाणीपणाचा वाटला. वरचे चार खर्च डोळ्यांपुढे ठेवले, तर तो मला हिशेबी वाटतो.

इथल्या मूळ शेतकऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे. आलेल्या लोकांना द्यायची जमीन आकाशातून पडणार नव्हती. ज्यांच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन होती त्यांच्याकडून ती घ्यायची होती. त्यासाठी शिरूर, दौंडमधल्या कितीतरी सातबारांवर पुनर्वसनाचे शेरे पडले. शेरा पडला, की जमीन विकायची, वाटून घ्यायची तर अडचण. प्रत्यक्ष संपादन झालं नाही तरी शेरा वर्षानुवर्षं तसाच. मुलीच्या लग्नाला अर्धा एकर विकू म्हटलं तर विकता येत नाही, असं ऐकवणारे पालक मला याच तालुक्यांत भेटले. त्यामुळं विहिरीवर, बांधावर, चारीच्या पाण्यावर कुरबुरी झाल्या. दोघांचंही दुखणं खरं होतं आणि दोघांच्याही खर्चाचं खातं कोणी ठेवलं नव्हतं.

आता हे खातं कायद्यात कसं उघडलं गेलं ते पाहू. त्यातला एक टप्पा नर्मदेचा आहे. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ मध्ये आला. सरदार सरोवरात आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली गावंही जायची होती. लवादानं प्रत्येक कुटुंबाला पुनर्वसन अनुदान म्हणून ७५० रुपये ठरवले, त्यातच वाहतुकीचा खर्च धरलेला. रक्कम लहान वाटेल, पण 'असल्यास' हा शब्द इथं गेला होता. खर्च येतो हे मान्य करून त्याला आकडा दिला गेला होता आणि ती रक्कम दरवर्षी वाढवायची तरतूदही होती. २००७ च्या राष्ट्रीय पुनर्वसन धोरणात कुटुंब, सामानसुमान, घराचं साहित्य आणि जनावरं हलवण्यासाठी किमान १०,००० रुपये आणि गोठ्यासाठी किमान १५,००० रुपये आले. जनावरांना राहायला जागा लागते, हे धोरणाच्या भाषेत लिहिलं गेलं याचं मला अप्रूप वाटलं.

मग २०१३ चा नवा भूसंपादन कायदा झाला. तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि १८९४ चा कायदा संपला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत विस्थापित कुटुंबासाठी वाहतुकीचे ५०,००० रुपये, एकवेळचा पुनर्वसन भत्ता ५०,००० रुपये आणि एक वर्षभर दरमहा ३,००० रुपये निर्वाह भत्ता आहे. वर्षाचे ते ३६,००० होतात. तिन्ही मिळून १,३६,००० रुपये. गोठा किंवा छोटं दुकान असेल तर त्यासाठी किमान २५,००० रुपये वेगळे. दिलेल्या घराचं आणि जमिनीचं मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च जमीन घेणाऱ्या संस्थेनं करायचा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करता येतं.

ही यादी वाचताना मला दौंड-शिरूरच्या घरांत ऐकलेली यादी आठवते. ट्रक आला, गोठा आला, थांबण्याचं एक वर्ष आलं. जे बायका चुलीपुढे बसून सांगत होत्या, ते जवळजवळ १२० वर्षांनी कायद्याच्या भाषेत उतरलं. पण विकत घ्यावा लागलेला तांदूळ, सरपण आणि भावकीकडे जाण्याचं भाडं अजून पुरतं आलेलं नाही. आणि ज्यांनी आधीच बिऱ्हाड हलवलं होतं, त्यांना या यादीचा काही उपयोग नव्हता. त्यांनी हा खर्च दागिने मोडून, बैल विकून, मुलाची शाळा थांबवून केव्हाच भागवला होता.

हा विषय जुना झाला असं कोणी समजू नये. पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या. कारखान्यांसाठी, महामार्गांसाठी जमिनी जातच असतात. अशा वेळी गावात चर्चा होते ती एकरी दराची. दर महत्त्वाचा आहेच. पण माझं सांगणं आहे, की त्याच बैठकीत आणखी चार प्रश्न विचारावेत. सामान आणि जनावरं नेण्याचा पैसा निघण्याआधी मिळणार की नंतर? पहिलं पीक किंवा पहिला पगार हातात येईपर्यंत किती महिने काढायचे आहेत? आज फुकट मिळणाऱ्या कोणत्या वस्तू उद्या विकत घ्याव्या लागतील? आणि नात्यातली माणसं कुठं राहायला जाणार?

रांजणगावच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून शिरूरला खोली शोधणाऱ्या तरुण जोडप्यालाही हेच प्रश्न लागू आहेत. फरक एवढाच, की त्यांना ते घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन, निघण्याच्या आधी सोडवता येतात. डोंगरातून आलेल्यांना ती सवड मिळाली नव्हती. त्या आजींना मी एकदा विचारलं होतं, की एकंदर खर्च किती आला असेल? त्यांनी आकडा सांगितला नाही. "ट्रकचं लक्षात हाय," त्या म्हणाल्या, "बाकीचं अजून चालूच हाय."